बँकर काकांची वहिवाट

काकांच्या घरात खोली भाड्यानं हवी असेल तर सायकल चालवता यायला हवी, अशी अट होती. मला आधी ती थट्टा वाटली. मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले होते आणि चालत जाता येईल अशी जागा शोधत होते. "म्हातारा माणूस चांगला आहे, पण जरा..." असं म्हणून एजंटनं कानाजवळ बोट फिरवलं होतं. मी अंगणात जाऊन उभी राहिले, तर पायरीवर बसून सायकलच्या चेनला तेल घालणाऱ्या माणसानं माझं गाव, जात, लग्न, पगार यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. "सायकल येते काय गं?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, लहानपणी यायची. "मंग येते. ती काय इसरायची चीज हाय? जा, सामान घेऊन ये."

भाडेकरूनं रविवारी काय करावं हे घरमालकानं ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि अजूनही आहे. पहिल्याच रविवारी पहाटे ते खाली उभं राहून सायकलची घंटी वाजवायला लागले तेव्हा मी गॅलरीतून त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पटल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा घंटी वाजवायला लागले. आतून काकूंचा आवाज आला, "जा गं बाई एकदाची, नायतर हा मानूस मला झोपू द्यायचा नाय." गेले. त्यानंतर सात वर्षं जात राहिले.

कर्जतमध्ये त्यांना बँकर काका म्हणत. मुंबईहून आलेले पाहुणे हे ऐकून त्यांना ठेवींवरचं व्याज विचारत आणि काकाही कुणाची निराशा न करता काहीतरी ठोकून देत. कर्जतच्या माणसाला यातली गंमत समजावावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला वडापावसाठी थांबते असा पुष्कळांचा समज आहे. ती थांबते मागं इंजिनं जोडायला. समोरचा घाट एकट्या पुढच्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला जी इंजिनं लावतात ती बँकर. काकांनी जवळजवळ सगळी नोकरी त्या मागच्या इंजिनात काढली. लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची, गाडी पुढं पुण्याला जायची आणि हे इंजिन घेऊन परत खाली. "पुना कसं असतं ते मला रिटायर झाल्यावर कललं," असं ते छाती काढून सांगायचे. यात छाती काढण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "उभा जलम दुनियेच्या गाड्या ढकलल्या. घरातला पान्याचा हंडा मात्र कदी सरकवला नाय."

सायकलवर बसल्यावरही माणूस बँकरच राहिला. आम्ही पाच-सहा जण असू, कधी पाहुणे धरून दहा होत, पण काका कायम सगळ्यांच्या मागं. सत्तरी उलटली होती, पिंढऱ्या सागाच्या खांबासारख्या होत्या, ठरवलं असतं तर आम्हा सगळ्यांना मागं टाकून ते केव्हाच खोपोलीला पोचले असते. पण पुढं जायचं नाही. चढ लागला आणि कुणाचा दम तुटायला लागला की हे मागून यायचे, एका हातानं त्याच्या सायकलचा कॅरियर धरायचे आणि स्वतः पायडल मारत त्याला वर ढकलायचे. ढकलताना गप्पा चालू. ज्याला ढकलतायत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे आणि हे त्याला गेल्या वर्षीच्या भाताच्या वाणाबद्दल सांगत असत.

म्हणून त्यांचा दुसरा कायदा: कॅरियर नसलेल्या सायकलीला फेरीत प्रवेश नाही. "बिनकॅरियरची सायकल म्हंजे बिनशेंडीचा नारल. धरायची कुठं?" एकदा ठाण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांच्या सायकलच्या किमतीत इकडं एखादी सेकंडहँड मोटार आली असती. एका बोटानं उचलली जाईल अशी हलकी, अंगावर सगळे घट्ट चकचकीत कपडे. काकांनी सायकलला कौतुकानं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "झकास हाय. हिला कॅरियर बसवा नि पुढल्या रविवारी या." गृहस्थांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. ते हसले, काका हसले नाहीत. शेवटी काकूंनी पाटावरवंट्याच्या खोलीतून एक जुना कॅरियर शोधून दिला, काकांनी तो सुतळीनं त्या महाग सायकलला बांधला, तेव्हा फेरी निघाली. पळसदरीच्या पुढच्या चढावर त्या गृहस्थांचा चेहरा लाल झाला आणि काकांचा हात मागून कॅरियरवर पडला. परतीच्या वाटेवर त्यांनी सुतळी सोडली नाही, तशीच सायकल ठाण्याला नेली.

आमच्या फेऱ्यांचे रस्ते काकांनीच जुळवलेले. हमरस्त्याला हात लावायचा नाही, खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या गर्दीत शिरायचं झालं तर फक्त पाच मिनिटं आणि तेही चहासाठी. बाकी सगळं डोंगराच्या पायथ्यापायथ्यानं, एका वाडीतून दुसरीत, कधी डांबर, कधी खडी, कधी नुसता काळा कातळ. या कातळाबद्दल त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. "हा डोंगर आंबोल्यांवानी हाय. एक आंबोली वतली, थंड झाली, मंग तिच्यावर दुसरी. कोट्यानुकोटी वरसं चाललं व्हतं. येवढ्या सावकाशीनं केलेल्या कामावरून आपन घाईनं जायचं म्हंजे त्याचा अपमान." अंतर विचारलं तर ते किलोमीटरमध्ये कधी सांगत नसत. कोंडाण्याच्या लेण्यांना जायचं तर "तीन चढ नि एक पानी", म्हणजे तीन चढ चढायचे आणि मध्ये एकदा पाणी प्यायचं. हे हिशेब कधी चुकल्याचं मला आठवत नाही, फक्त चढ कशाला म्हणायचं याबद्दल त्यांचे आणि माझे टोकाचे मतभेद होते.

आणि तिसरा कायदा, ज्यानं माझं डोकं सर्वांत जास्त फिरायचं. रस्त्याला फाटा आला की पुढच्यानं सायकलवरून उतरायचं आणि माणसाला रस्ता विचारायचा. माहीत असला तरी विचारायचा. फोनमध्ये बघायचं नाही. "ती फोनमदली बाई कोनाची कोन? तिनं कदी इकडचं पानी प्यालंय?" फाट्यावर माणूस नसेल तर माणूस येईपर्यंत थांबायचं. एका मार्चात भर उन्हात आम्ही अशाच एका तिठ्यावर उभे होतो. समोर दोन रस्ते, दोन्ही मला पाठ, आणि काका मागं करंजाच्या सावलीत आरामात बसलेले. बऱ्याच वेळानं म्हशी घेऊन एक म्हातारा आला. मी दात-ओठ खात विचारलं, "बाबा, वाडीला कुठला रस्ता?" त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मागल्या रविवारी तर तूच इचारलावतास न् गं. आज परत कशी चुकलीस?" काका करंजाखाली पोट धरून हसत होते.

मी चुकले तरी ते सांगत नसत, हे आणखी वेगळंच. एकदा मी सगळ्यांना घेऊन सरळ एका पोल्ट्रीच्या आवारात शिरले. कुत्री अंगावर आली, वास तर विचारू नका. मागून काका शांतपणे शिरले, सायकल स्टँडला लावली.

"तुम्हाला ठाऊक होतं हा रस्ता इथं संपतो?"

"व्हतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"पुढं तू व्हतीस. मागल्यानं ढकलायचं, सुकानू धरायचं नाय."

त्या दिवशी मी भांडले. परत येताना सबंध वाट बोलले नाही. संध्याकाळी ते कधी नव्हे ते जिना चढून वर आले, हातात काकूंनी दिलेली घावनांची ताटली. दारातच उभे राहून म्हणाले, "इंजिनातल्या मानसाला फाटा नसतो गं. रुलांचा सांधा बदलनारा कोन दुसराच. रूल नेतील तिकडं जायाचं. मी इतकी वरसं डायवर व्हतो, पन एक वलन म्हनून मला इचारून झालं नाय. म्हनून आता फाटा दिसला की वाटतं, थांबावं. बघावं. कोनालातरी इचारावं." मग ताटली हातात देऊन म्हणाले, "गरम हाय तवर खा." माझा राग कुठच्या कुठं गेला. तिथून पुढं मी फाट्यावर उतरायला लागले, कुरकुर करत, पण उतरायला लागले.

आणि त्याचा परिणाम दिसायचा, हे नाकारून चालणार नाही. वाडीवाडीत आम्हाला ओळखायला लागले. वालाच्या दिवसात तर आमची वाट बघत. इकडं वालाच्या शेंगा वाळल्या की कुठं कुठं डांबरी रस्त्यावर पसरतात, जाणाऱ्यायेणाऱ्या गाड्यांनी त्या आपोआप फुटतात. पण काकांचे रस्ते असे निवांत की दिवसभरात गाडीच येत नाही, शेंगा आपल्या तशाच पडलेल्या. तेव्हा काका आम्हा सगळ्यांना त्या शेंगांवरून पुन्हा पुन्हा ये-जा करायला लावत. मुंबईच्या पाहुण्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की हा फेरीचाच भाग आहे. सायकलींच्या वजनानं किती वाल सुटत होते देव जाणे. बायका बाजूला बसून हसून हसून लोळत, आणि शेवटी काठ्या घेऊन झोडायचं ते झोडतच.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. झोपेतच गेले, कुणाला ढकलायला न लावता. त्यांची आठवण निघाली की लोक कॅरियरची, वालाची गोष्ट सांगतात आणि हसतात. मलाही त्या आवडतात. पण मला ते दिसतात ते एका गेटपाशी.

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या एका सोंडेवर एक वाडी आहे. आम्ही तिला वरची वाडी म्हणू. तिथून खालच्या गावात उतरायला एक जुनी बैलगाडीची वाट होती, पंचायतीनं कधीतरी तिच्यावर खडी टाकलेली. वाडीतली पोरं त्याच वाटेनं शाळेत जात, बायका डोक्यावर पाटी घेऊन शिळफाट्याच्या बाजारात करवंदं, रानभाज्या विकायला जात. त्यातली चांगुणाबाई आमच्या ओळखीची, कारण फेरीतली न्याहारी तिच्या ओट्यावर व्हायची. या वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन कुणीतरी बंगल्यांसाठी घेतली. एका रविवारी आम्ही गेलो तर वाटेवर हे एवढं लोखंडी गेट, आणि गेटवर निळ्या शर्टात खुर्ची टाकून बसलेला बाळाराम.

बाळाराम चांगुणाबाईचा भाचा, त्याच वाडीचा, दोन पोरांचा बाप. आधी तो माथेरानला हॉटेलात होता, महिन्याकाठी एकदा घरी यायचा. गेटवरची ही नोकरी मिळाल्यापासून रोज पोरांना जवळ घेऊन जेवत होता, आणि त्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता. आम्हाला बघून तो उठला आणि गेट उघडायला लागला. जागेचे मालकही वाईट नव्हते. गोड बोलायचे. त्यांनी वाडीत येऊन सांगितलं होतं, गेट फक्त राखणीसाठी आहे, तुम्ही आपले बाळारामला विचारा, तो लगेच उघडेल. वाडी खूश. "मानूस चांगला हाय, नाय म्हनत नाय," चांगुणाबाईनंही आम्हाला सांगितलं.

मी पुढं होते. सवयीनं उतरले आणि बाळारामला म्हणाले, "जाऊ का रे?"

मागून काकांची घंटी वाजली. सारखी, थांबेचना. मी वळून बघते तर काका सगळ्यांना ओलांडून पुढं येत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पुढं आलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सायकल आडवी टाकली, बाळारामला म्हणाले, "बस रं तू, उघडू नको," आणि स्वतः कडी काढून गेट ढकललं. सगळे आत गेल्यावर पुन्हा लावलं.

"हे काय काका?" मी म्हटलं. "जिथंतिथं विचारायला लावता आणि इथं विचारलं तर घंटी?"

"रस्ता इचारायचा गं. परवानगी नाय इचारायची." ते चिडले होते, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "रस्ता इचारला की समोरचा मानूस मोटा व्हतो. परवानगी इचारली की आपन ल्हान व्हतो. आन आज जो नाय म्हनत नाय, तो उद्या नाय म्हनू शकतो. ही वहिवाट हाय या लोकांची. इचारून गेलं की ती वहिवाट ऱ्हात नाय, उपकार व्हतो."

चांगुणाबाईच्या ओट्यावर त्यांनी हेच समजावून सांगितलं. या वाटेनं रोज जा, कुणाला विचारू नका, आणि सोडू नका, कारण वहिवाट पायांनीच टिकते. वाडीला काही ते फारसं पटलं नाही. डोंगराला वळसा घालून पलीकडच्या रस्त्याला जीप मिळायला लागली होती. गेट चुकवायचं म्हणून बरेच जण तिकडून जायला लागलेच होते. चांगुणाबाई फटकळ, ती म्हणाली, "तुमचं काय जातंय काका? तुमाला दोन चाकं हायेत. माज्या टकुऱ्यावर पाटी हाय."

काकांनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्या सायकलींच्या ओळीकडं. झालं. त्या रविवारपासून वाडीच्या पाट्या आमच्या कॅरियरवर. मुंबईचे पाहुणे करवंदांच्या पाट्या बांधून गेटमधून खाली उतरतायत, मागून बायका रिकाम्या हातांनी गप्पा मारत येतायत, आणि सगळ्यांच्या मागं काका. शेवळं, टाकळा, कुड्याची फुलं, काय काय म्हणून नेलं नाही आम्ही. एका पाहुण्यानं घरी जाऊन काकांना मेसेज केला होता की आयुष्यातली सर्वोत्तम सहल. त्याच्या पाठीवर उतारावर अळूची पाटी उलटली होती, तरी.

मालकांच्या लक्षात आलं असणार, कारण एक दिवस कडीला कुलूप लागलं. किल्ली बाळारामच्या खिशात. आता विचारल्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं. पोरं शाळेला निघाली की बाळाराम बिचारा आधीच कुलूप काढून ठेवायचा, म्हणजे विचारायला नको. पण कुलूप ते कुलूपच, म्हणून काकांनी वाडीला तहसील कचेरीत अर्ज करायला लावला. तो मीच टाइप करून दिला. मंडळ अधिकारी जागेवर पाहणीला येतील, लोकांचे जबाब घेतील, असं कळलं. मालकांच्या बाजूनं काय सांगितलं जाणार तेही कळलं होतं: ही खासगी वाट आहे, आमचा माणूस मेहेरबानीनं सगळ्यांना उघडून देतो, त्यालाच विचारा.

म्हणजे सगळं येऊन अडलं बाळारामवर. तो हो म्हणाला की वाट मालकांची. नाही म्हणाला की नोकरी गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी काकांच्या मागं लागले. बाळारामला भेटू या, त्याला नीट समजावू या, काय बोलायचं ते सांगू या. काका अंगणात ट्यूबला पंक्चर शोधत बसले होते. "नाय," म्हणाले.

"अहो, सगळी वाडी त्याच्यावर अवलंबून आहे."

"म्हाईत हाय. त्याची पोरं पन त्याच्यावरच हायेत." त्यांनी ट्यूब बादलीत बुडवली. "त्याच्या पोटावर पाय दे, असं मी कोन सांगनार? त्यानं काय बोलायचं ते त्यानं ठरवायचं."

मी खूप बोलले. हट्टीपणा, तत्त्वं, बँकरगिरी, सगळं काढलं. ते बुडबुडे बघत राहिले. काकूच आतून म्हणाल्या, "नको गं भांडू. काल रातच्याला जेवला नाय तो." मी वाद तिथंच सोडला. तत्त्व सांगणारा माणूस आतून इतका घाबरलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गेटपाशी जमले. मंडळ अधिकारी, त्यांच्याबरोबर तलाठी, पांढऱ्या शर्टातले मालक, वाडीतली माणसं दगडांवर बसलेली. अधिकारी समंजस होते, पण उन्हानं वैतागलेले. त्यांनी आधी काकांनाच धरलं.

"तुमची इथं जमीन आहे?"

"नाय."

"वाडीत घर?"

"नाय."

"मग तुमचा संबंध काय?"

"मी हितून जातो, साहेब," काका म्हणाले.

अधिकाऱ्यांनी रुमालानं मान पुसली. मग चांगुणाबाईला पुढं बोलावलं. जाताना चौकीदाराची परवानगी घेता का, असं विचारलं. तिला आधी प्रश्नच कळेना. कळल्यावर ती भडकली. "परवानगी? याची? याला दोन वरसांचा असताना ताप डोक्यात गेलावता, तवा मी याच वाटेनं कडंवर घेऊन पलत दवाखान्यात नेलावता. तवा कोनाची घेतलीवती परवानगी?" दगडांवरची माणसं हसली, बाळाराम मान खाली घालून उभा होता.

मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, जुन्या गोष्टी राहू द्या. आज कोण उघडून देतं ते आमच्या माणसालाच विचारा."

अधिकाऱ्यांनी विचारलं. "काय रे, तू उघडून देतोस म्हणून हे लोक जातात ना?"

बाळारामनं आधी मालकांकडं बघितलं. मग खाली, वाटेच्या वळणाकडं. शाळा सुटून पोरं वर येत होती आणि त्यात त्याची दोन्ही होती. मी काकांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढीच माया आली. एक शब्द, आदल्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर, असं वाटत होतं.

"नाय साहेब," बाळाराम म्हणाला. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "मी कुलूप काढतो ते खरं हाय. पन मी नवतो, गेट नवतं, तवापासनं लोक जातात. माझा आजा यानंच गेला, बाप यानंच गेला. मी उघडून देतो म्हनून कोन जात नाय. वाट हाय म्हनून जातात."

अधिकाऱ्यांनी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि तलाठ्याला लिहायला सांगितलं. पुढं आदेश निघाला, गेट निघालं, हे सगळं यथावकाश झालं. त्या दुपारी एवढंच झालं की मालकांनी हात पुढं केला, आवाज न चढवता "चाव्या" म्हणाले, आणि बाळारामनं खिशातून चाव्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. निळा शर्टही तिथंच अंगातून काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि बनियनवर उभा राहिला. चांगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी रडत होते, मला त्याची लाज वाटली नाही.

काका पुढं गेले. त्यांनी बाळारामच्या दोन्ही दंडांना धरलं.

"आता तुझं काय रं व्हनार?"

बाळारामची पोरं तोवर गेटपाशी पोचली होती. त्यानं धाकट्याचं दप्तर स्वतःच्या उघड्या खांद्यावर घेतलं.

"व्हईल कायतरी, काका," तो म्हणाला. "वाट तर ऱ्हायली."